ओतीव पोलाद, पांढरी धूळ

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत मी गेली एकतीस वर्षे पॅटर्नच्या विभागात काम करतो आहे. लाकडाचा किंवा ॲल्युमिनियमचा पॅटर्न करायचा, त्याभोवती वाळूचा साचा ठोकायचा, पॅटर्न अलगद काढून घ्यायचा आणि उरलेल्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा, असा आमचा धंदा आहे. त्यामुळे ओतलेल्या धातूचे अंग कसे असते, हे मला डोळ्यांपेक्षा बोटांनी अधिक कळते. बारा वर्षांपूर्वी दुसऱ्या महायुद्धातल्या शेर्मन या अमेरिकन रणगाड्याच्या प्लॅस्टिकच्या किटचे पहिले खोके मी घरी उघडले आणि टरेट, म्हणजे तोफ बसवलेला तो फिरता घुमट, हातात घेतला, तेव्हा बाकी सगळे भाग पाहून हरखलेल्या मला एवढी एकच वस्तू खटकली. ते अंग काचेसारखे गुळगुळीत होते. पोलाद वाळूच्या साच्यात ओतले, तर असे अंग कधीच येत नाही, हे सांगण्यासाठी मला कोणतेही पुस्तक उघडावे लागले नाही.

रणगाड्यांची मॉडेल करण्याचा माझा छंद त्या खटकण्यातून सुरू झाला, असे म्हटले तर ते खरे ठरेल. जोडणी आणि रंगकाम या दोन्ही गोष्टी मला आवडतात. पण मला या कामाकडे पुन्हा पुन्हा ओढून नेणारी गोष्ट म्हणजे पृष्ठभाग. ती वस्तू कशी घडली, कुठून कुठे गेली आणि शेवटी कोणत्या मातीत उभी राहिली, हे सारे तिच्या अंगावर उमटलेले असते, आणि हाताच्या पंज्याएवढ्या प्लॅस्टिकवर ते सारे पुन्हा उमटवायचे असते.

अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, लष्कराचे रणगाडा संग्रहालय आहे. ते १९९४ साली सुरू झाले. तिथे मी आमच्या फौंड्रीतल्या एका निवृत्त मोल्डर मिस्त्रींना बरोबर घेऊन गेलो होतो. मिस्त्रींना युद्धाच्या इतिहासात विशेष रस नव्हता. ते सरळ पॅटन या अमेरिकन रणगाड्यापाशी गेले, त्याच्या अंगावर पंजा ठेवला आणि एखाद्या म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा तो सावकाश फिरवत राहिले. मग मला म्हणाले, "हितं हात लाव. ह्यो ओतलाय, पत्रं जोडल्यालं न्हाईत. पार्टिंगची रेघ घासलीया, पर पुरी गेली न्हाई." पार्टिंगची रेघ म्हणजे साच्याचे दोन अर्धे जिथे जुळतात तिथे उमटणारी रेघ. त्यांचे म्हणणे अचूक होते. त्या पॅटनचे धड आणि टरेट दोन्ही ओतीव पोलादाचे आहेत. त्या दिवशी मी टिपणवहीत रणगाड्याची लांबी-रुंदी लिहिली नाही, कारण ती कुठेही मिळते. खडबडीतपणा कुठे अधिक आहे, कुठे कमी आहे, ग्राइंडर कुठे फिरला आहे आणि कुठे फिरवण्याची गरज कोणाला वाटलेली नाही, एवढेच लिहून घेतले.

हा खडबडीतपणा प्लॅस्टिकवर आणण्याची रीत सोपी आहे, पण ती हातात बसायला वेळ लागतो. मॉडेलचे भाग जोडण्यासाठी वापरतात तो पातळ सिमेंट नावापुरताच सिमेंट असतो. खरे तर तो पॉलिस्टायरीन विरघळवतो आणि दोन भागांचे प्लॅस्टिक एकमेकांत मिसळून एकजीव करतो. हाच द्रव टरेटवर लावून वरचा थर मऊ झाला, की आखूड कापलेल्या राठ केसांच्या कुंचल्याने त्यावर सरळ उभे टोचे मारायचे. जिथे खरबरीतपणा जास्त हवा, तिथे त्या द्रवातच थोडी पुटी, म्हणजे भेगा बुजवायचा लगदा, कालवून लावायची. दोन दिवस वाळू द्यायचे आणि मग बारीक पॉलिश पेपरने फक्त उंचवटे मारायचे. माझ्या पहिल्या टरेटवर हा खरबरीतपणा इतका झाला, की ते पोलाद न वाटता फणसाची साल वाटू लागले. कारण साधे गणित होते. शेर्मनच्या टरेटचे समोरचे पोलाद ७६ मिलिमीटर जाड असते. १:३५ या प्रमाणात ते जेमतेम दोन मिलिमीटर होते. खऱ्या अंगावर तीन मिलिमीटरचा उंचवटा असेल, तर मॉडेलवर तो मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी भरतो, म्हणजे तो डोळ्याला दिसावा यापेक्षा नखाला जाणवावा एवढाच असतो.

प्रमाण ही गोष्ट पॅटर्नच्या कामात असलेल्या माणसाच्या रक्तातच असते. थंड होताना ओतीव लोखंड साधारण शेकडा एक आणि पोलाद शेकडा दोन भाग आकसते, म्हणून आम्ही नेहमी हव्या त्या वस्तूहून किंचित मोठा पॅटर्न करतो, आणि त्यासाठी आमच्याकडे मुद्दाम वाढवलेल्या मापाची वेगळी पट्टी असते. दिवसभर शेकडा दोनने मोठ्या जगात वावरायचे आणि रात्री पस्तीस पटींनी लहान जगात शिरायचे, याचा मला फार आनंद वाटतो. रणगाड्यांच्या मॉडेलांत रूढ झालेले हे १:३५ प्रमाण कोणत्याही शास्त्रातून आलेले नाही. जपानच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन पँथर रणगाड्याचे मोटारीवर चालणारे मॉडेल काढले, तेव्हा आत बॅटऱ्या आणि मोटार मावायला हवी म्हणून धडाचा आकार ठरवला गेला. पुढे मोजून पाहिल्यावर तो खऱ्याच्या साधारण एक पस्तीसांश भरला आणि तेच प्रमाण जगभर चालू राहिले.

किटचे भाग ज्या चौकटीला जोडून येतात, तिला मॉडेलवाले स्प्रू म्हणतात. आमच्या भाषेत ते रनर आणि गेट, म्हणजे वितळलेला धातू साच्यात नेणाऱ्या वाटा आहेत, फक्त धातूऐवजी प्लॅस्टिकच्या. गेट तोडून त्याची खूण घासून टाकणे म्हणजे फेटलिंगच. त्या चौकटीवर भागांचे उठावाचे क्रमांक असतात, आणि ते मी कधीही टाकून देत नाही. शेर्मनच्या टरेटवर ओतकामाचे क्रमांक आणि फौंड्रीच्या खुणा उठावात असत; अमेरिकेत सुमारे ४९ हजार शेर्मन बनले आणि त्यांची ओतकामे वेगवेगळ्या कारखान्यांतून येत असत. स्प्रूवरचे अंक धारदार पात्याने तासून, चिमट्याने उचलून, एकेक करून टरेटवर चिकटवले, की ते अस्सल ओतकामाचे अंक होतात. या कामाला मला तीन संध्याकाळी लागल्या. रंग दिल्यावर ते अंक कोणाच्या लक्षातही येत नाहीत. पण आम्हीही शिरोलीत प्रत्येक कास्टिंगवर हीट नंबर, म्हणजे भट्टीच्या त्या घाण्याचा क्रमांक, उठवतो, आणि तो नसेल तर ते कास्टिंग कोणाच्या हातचे, कोणत्या दिवसाचे, हे सांगता येत नाही. तो अंक म्हणजे त्या दिवशी भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसांचा पत्ता असतो.

शेर्मन कोणत्या सैन्याचा करायचा, हे ठरवायला मात्र मला बराच काळ लागला. शेवटी उत्तर माझ्या आजोळी निघाले. माझे आजोळ वळीवड्याचे आहे. कोल्हापूरच्या पूर्वेला, पंचगंगेकडच्या या गावी १९४३ ते १९४८ या काळात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसे तिथे राहिली, त्यांत बहुतेक बायका आणि मुले होती. त्यांची शाळा होती, चर्च होते, मुलांची स्काउट पथके होती. आजोबा छावणीत दूध घालत असत. गोरी पोरे दुधाच्या कासंडीभोवती जमत आणि मराठीत आकडे मोजून दाखवत, एवढीच त्यांची आठवण आमच्यापर्यंत आली. पुढे फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिथे वसले आणि आज आपण लग्नाच्या बस्त्याला जातो ते गांधीनगर त्याच भागात उभे राहिले. महावीर उद्यानात पोलंडच्या लोकांनी उभारलेला स्मृतिस्तंभ आहे. लहानपणी त्या बागेत खेळताना तो मी अनेकदा पाहिला असेल, पण त्यावरचा मजकूर चाळिशी उलटेपर्यंत वाचला नव्हता, याचे मला आता वाईट वाटते.

छावणीत बायका आणि मुलेच का होती, याचे उत्तर शोधताना मी रणगाड्यापाशी पोहोचलो. सप्टेंबर १९३९ मध्ये सोव्हिएत सैन्याने पूर्व पोलंड व्यापला आणि फेब्रुवारी १९४० पासून तिथली कुटुंबेच्या कुटुंबे सैबेरिया आणि कझाकस्तानकडे हद्दपार केली. १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर हल्ला केल्यावर रशियाचा पोलंडशी करार झाला, कैदी सुटले आणि पोलंडचे जनरल अँडर्स यांनी त्यांतून सैन्य उभे केले. १९४२ मध्ये हे सैन्य आणि त्यामागची कुटुंबे इराणमध्ये उतरली. तिथून वाटा फुटल्या. कुटुंबांपैकी काही आफ्रिकेत, काही जामनगरजवळ बालाचडीला आणि काही आमच्या वळीवड्याला आली. हाती शस्त्र धरू शकणारे बाप, भाऊ आणि नवरे इटलीला गेले. मे १९४४ मध्ये माँते कॅसिनोच्या डोंगरावर लढलेला पोलंडचा दुसरा कोअर, म्हणजे सैन्यदल, तो हाच. १८ मे रोजी त्या डोंगरावरच्या मठाच्या भग्नावशेषांवर पोलंडचा झेंडा चढला. तिथल्या पोलिश दफनभूमीत हजाराहून अधिक कबरी आहेत. त्या डोंगरावरच्या सैनिकांची पत्रे वळीवड्याच्या बराकीत येत असतील, आणि काही दिवस ती आली नाहीत, की गावचा दूधवाला आला तरी दार उघडायला कोणी उठत नसेल, हे मी कोठे वाचलेले नाही. पण तो रणगाडा रंगवताना हे माझ्या मनातून जात नाही.

त्या लढाईत पोलंडची चौथी चिलखती रेजिमेंट, जिचे नाव 'स्कॉर्पियन', शेर्मन घेऊन अल्बानेता नावाच्या शेतवाडीकडे चढली. रणगाडे एवढ्या उंचीवर जाऊ शकले, याचे कारण तिथली खेचरांची पाऊलवाट आधीच रुंद केलेली होती. आणि ते काम मार्च १९४४ मध्ये चौथ्या भारतीय डिव्हिजनच्या सॅपर्सनी, म्हणजे रस्ते बांधणाऱ्या सैनिकांनी, न्यूझीलंडच्या इंजिनिअरांसह केले होते. वाटेच्या वरच्या मोकळ्या जागेला 'मद्रास सर्कस' असे नाव पडले होते. इटलीच्या डोंगरात मद्रासचे नाव कसे, असा प्रश्न मला नकाशा पाहताना पडला आणि उत्तर सापडले तेव्हा माझा हात काही वेळ कामाला लागला नाही. पोलंडच्या मुलांना दूध कोल्हापूरचे मिळाले आणि त्यांच्या वडिलांच्या रणगाड्यांना रस्ता भारतीयांनी खोदलेला मिळाला. अल्बानेताजवळ सुरुंगावर उडालेल्या एका शेर्मनचा सांगाडा आजही तिथे आहे. त्याच्याच चाकांभोवतीच्या पोलादी पट्ट्यांच्या दुव्यांतून क्रूस करून त्याचे स्मारक केले आहे.

मला तो उडालेला रणगाडा करायचा नव्हता. त्याच रस्त्याने आदल्या दिवशी वर चढलेला, अजून धड असलेला रणगाडा करायचा होता. यासाठी मी डिझेलवर चालणारी एम४ए२ ही आवृत्ती घेतली. तिचे धड जाड पत्रे वेल्डिंग करून बनवलेले आणि टरेट ओतीव, म्हणजे दोन वेगळी अंगे एकाच मॉडेलवर करायला मिळतात. वेल्डिंगचे मणी करण्यासाठी स्प्रू मेणबत्तीवर तापवून केसासारखा ओढायचा, जोडावर बसवून सिमेंटने मऊ करायचा आणि पात्याच्या टोकाने त्यावर जवळजवळ टोचे मारायचे. धड सुमारे सतरा सेंटीमीटर लांब होते. त्यावरचे सगळे जोड पूर्ण व्हायला गणपतीपासून दिवाळीपर्यंतचा काळ गेला.

रंगकामात माझे गुरू गंगावेशीतल्या कुंभार गल्लीतले एक मूर्तिकार आहेत. गणपतीला कॉम्प्रेसरवर रंग मारणारी ही माणसे हवेचा दाब, रंगाचा पातळपणा आणि हाताचा वेग या तिन्हींचा मेळ ज्या सहजतेने घालतात, ते पाहून मी एअरब्रश शिकलो. रंग दुधाएवढा पातळ असावा, फवारा वस्तूच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवावा आणि एका जागी हात थांबवू नये, हे त्यांचे नियम. प्लॅस्टिकवर रंगाचा थर जाड बसला, तर तीन संध्याकाळी घालवून लावलेले ओतकामाचे अंक त्याखाली बुजतात, म्हणून हे नियम मी मूर्तिकारांपेक्षाही कडक पाळतो. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात एअरब्रश चालवणे अवघड असते. हवेत एवढी ओल असते, की कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी धरते आणि ऐन रंगाच्या मधोमध थेंब थुंकला जातो. पाणी अडवणारी बाटली लावली तरी मी त्या दोन महिन्यांत फक्त जोडणी करतो आणि रंग नवरात्रावर ठेवतो.

अमेरिकन ऑलिव्ह ड्रॅब हा रंग मुळात पिवळ्या मातीच्या रंगात काळा मिसळून होतो. डबीतला हिरवा रंग तसाच फासला, तर मॉडेल मेल्यासारखे दिसते. खरा रणगाडा आपण दुरून पाहतो, मधली हवा त्याचा रंग फिका करते. तेवढे फिकेपण मॉडेलच्या रंगात आधीच मिसळावे लागते. वरच्या, उन्हाने भाजलेल्या भागांवर मी थोडा अधिक पिवळट रंग देतो, बाजूंवर थोडा गडद. तो वाळल्यावर चकाकीचा थर, त्यावर तैलरंगातल्या बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाचे टर्पेंटाइनमध्ये केलेले अगदी पातळ पाणी. हे पाणी खाचांत आपोआप धावते आणि प्रत्येक बोल्ट, प्रत्येक जोड उठून येतो. ही पायरी पाहायला घरातले सगळे जमतात.

यानंतरच्या एका गोष्टीबद्दल माझे मत ठाम आहे. अनेक जण रणगाड्यावर इतका गंज चढवतात, की तो वीस वर्षे पावसात पडलेला वाटावा. आमच्या यार्डात मृगाच्या पहिल्या सरीत भिजलेली कास्टिंग एका रात्रीत तांबूस होतात, हे मी दरवर्षी पाहतो. पण ती तांबूस झाक पापुद्र्याएवढी वरवरची असते, हाताने पुसली तरी बोटाला लागते. काही महिन्यांपूर्वी इटलीत उतरलेल्या, रंग शाबूत असलेल्या, जाड पोलादाच्या वाहनावर खोल गंजाचे खड्डे कुठून येणार? गंज येतो तो तापणाऱ्या धुराड्याच्या नळ्यांवर. पट्ट्यांची जमिनीला घासणारी बाजू उलट चकचकीत होते, आणि माणसे ज्या झाकणांतून चढतात-उतरतात, त्यांच्या कडा बुटांनी आणि हातांनी घासून उजळतात. त्या कडांवर मी रंगाचे टवके रंगवत नाही, फक्त मऊ शिसपेन्सिलीचा कोपरा फिरवतो.

मातीच्या बाबतीत मात्र मी स्वतः मोठी चूक केली होती. पन्हाळ्याच्या वाटेवरचा जांभा कुटून, मलमलच्या फडक्यातून गाळून मी पहिल्या शेर्मनच्या चाकांवर आणि पट्ट्यांवर चढवला. ती लाल धूळ हिरव्या रंगावर फार सुंदर दिसली आणि मी ते मॉडेल अभिमानाने दिवाणखान्यात ठेवले. दोन वर्षांनी माँते कॅसिनोची छायाचित्रे नीट पाहत बसलो, तेव्हा ते डोंगर चुनखडीचे आहेत आणि तिथले दगड आणि धूळ पांढरट आहे, हे ध्यानात आले. माझा रणगाडा इटलीत कधी गेलाच नव्हता. तो पन्हाळ्याच्या घाटात उभा होता. मी तो साबणाच्या पाण्याने धुऊन काढला. पांढऱ्या धुळीसाठी पुन्हा कुंभार गल्लीच उपयोगी पडली. गणपतीचा शाडू वाळवून, खलून, गाळला, की करडट पांढरी, अंगाला धरून बसणारी पूड मिळते. ती टर्पेंटाइनमध्ये कालवून खालच्या चाकांवर आणि पट्ट्यांच्या खाचांत दाट, धडाच्या बाजूंवर विरळ आणि टरेटवर जेमतेम वाऱ्याने आणून टाकल्यासारखी लावली. चुनखडीच्या रस्त्यावर पुढच्या रणगाड्याची धूळ मागच्याच्या अंगावर बसते, म्हणून समोरच्या तिरक्या पत्र्यावर ती थोडी अधिक ठेवली.

टरेट धडावर बसवण्याच्या आदल्या रात्री माझी आई शेजारी येऊन बसली. ती या छंदाबद्दल कधी काही विचारत नाही. त्या रात्री तिने टरेटच्या भोकातून आत पाहिले आणि विचारले, "ह्यात माणसं कुठं बसायची रं?" मी तिला दाखवले. पुढे खाली दोघे, चालक आणि त्याचा सोबती. वर टरेटमध्ये तिघे, तोफ चालवणारा, गोळे भरणारा आणि त्यांचा प्रमुख. ती म्हणाली, "पाच जणं? एवढ्यात?" एवढे बोलून ती उठून गेली. मी आतला भाग रंगवला नव्हता, कारण झाकणे बंद ठेवायची असल्याने तो दिसणारच नव्हता. त्या रात्री मी टरेट पुन्हा बाजूला ठेवले. शेर्मनच्या आतला रंग पांढरा असे, अंधारात उजेड वाढावा म्हणून. पुढचे तीन आठवडे मी आतला पांढरा रंग, पाच आसने आणि तोफेच्या मागचा भाग केला, आणि मग झाकणे बंद करून चिकटवली. हे शस्त्र आहे आणि ते माणसे मारण्यासाठी केलेले आहे, हे मी स्वतःपासून लपवत नाही. ते सुंदर दिसावे यासाठी मी ते करत नाही. आत बसलेल्यांची आठवण न ठेवता ते नुसते बाहेरून देखणे केले, तर मला त्याच्याकडे पाहवणार नाही.

पुढचे मॉडेलही शेर्मनचेच करायचे ठरले आहे, पण त्याला माती वेगळी लागेल. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबात आसल उत्तरच्या लढाईत भारतीय लष्कराच्या डेक्कन हॉर्स रेजिमेंटचे शेर्मन उसाच्या आडून पाकिस्तानच्या पॅटनवर मारा करत होते, आणि पाणी सोडलेल्या रानात पॅटन रुतत होते. जमिनीपासून टरेटच्या माथ्यापर्यंत शेर्मन पावणेतीन मीटर उंच. पुरुषभर वाढून वर गेलेला ऊस त्याला कसा गिळतो, हे कोल्हापूरच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. उसाचा पाला मी कागदातून कापून पाहतो आहे. त्याची शीर मध्येच असावी आणि पान टोकाशी लवलेले असावे, एवढे अजून जमलेले नाही.

माँते कॅसिनोचा शेर्मन पूर्ण झाल्यावर मी तो मिस्त्रींना दाखवायला घेऊन गेलो. त्यांचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे आणि त्यांना डोळ्यांनी फारसे दिसत नाही. मी खोके उघडून मॉडेल त्यांच्यासमोर पाटावर ठेवले. टरेटवरची धूळ मी अजून पक्की केली नव्हती, हे सांगण्याआधीच त्यांनी अंगठा त्यावर ठेवला आणि डावीकडून उजवीकडे, मग वरून खाली, सावकाश फिरवला. उजव्या गालावरच्या अंकांपाशी अंगठा थांबला.

"ओतलंय," ते म्हणाले, आणि अंगठ्याला लागलेला शाडू त्यांनी धोतराला पुसला.